दंड सीमा ओलांडतो, दाद ओलांडत नाही



आपल्यातल्या पन्नाशी उलटलेल्यांना एकाधिकार खरेदीचे दिवस आठवत असतील. १९७२ सालापासून जवळजवळ तीस वर्षे महाराष्ट्राचा कापूस महाराष्ट्राबाहेर न्यायला बंदी होती. पैनगंगेच्या अलीकडे पिकलेला कापूस पलीकडे नेला तर तो गुन्हा. पलीकडे भाव जास्त असला तरी नाक्यावर शिपाई उभा. कापूस आपला, घाम आपला, बैलबंडी आपली, आणि चोर ठरायचो तेही आपणच. २००२ साली खाजगी व्यापाऱ्यांना खरेदीची मोकळीक मिळाली आणि ती भिंत पडली. २०१७ साली जीएसटी आल्यावर विक्रीकराचे नाकेही उठले. आता पांढरकवड्याचा, वणीचा, किनवटचा शेतकरी भाव बघून आदिलाबादला गाडी नेतो. खानदेशचा कापूस गुजरातेत जातो.

नाक्यावरचा शिपाई गेला, पण खांबावर कॅमेरा आला. कापूस मोकळेपणाने सीमा ओलांडतो आणि परत येणाऱ्या रिकाम्या गाडीमागे मोबाईलवर एक संदेश येतो. त्याला ई-चलान म्हणतात. परराज्यात झालेल्या या दंडाचा आपल्या गाडीच्या नोंदीवर, आपल्या लायसनवर आणि शेवटी आपल्या विम्यावर काय परिणाम होतो, ते आज मांडायचे आहे. काही जण म्हणतील, कापसाच्या भावाचे बोला, चलानाचे काय घेऊन बसलात? आम्ही म्हणतो, हाही भावाचाच प्रश्न आहे; त्याचा हिशोब पुढे देतो. आणि भावाहून मोठा प्रश्न जमिनीचा. तोही याच रस्त्याने घरात शिरतो.

एका पिकअपची गोष्ट

आमच्या एका सहकाऱ्याने तिघा भावांत मिळून जुनी पिकअप घेतली. वेचणीच्या दिवसांत स्वतःचा कापूस न्यायचा, शेजाऱ्यांचा न्यायचा. दोन वर्षांनी गाडी विकायला काढली. गिऱ्हाईक ठरले, इसार घेतला. नाव बदलायला गेले तर संगणकावर गाडी अडलेली. तीन चलाने बाकी होती. पहिले आपल्याच जिल्ह्यातले. ते त्याला आठवत होते, त्याने मुकाट्याने भरले. दुसरे सीमेपलीकडच्या एका शहरातले, माल गाडीबाहेर आल्याबद्दल. तिसरेही पलीकडचेच, हेल्मेट न घातल्याबद्दल! चारचाकीला हेल्मेटचा दंड. कुण्या मोटरसायकलचा नंबर कॅमेऱ्याने चुकीचा वाचला असणार.

मग संदेश आला कसा नाही? गाडीच्या नोंदीवर आधीच्या मालकाचा मोबाईल नंबर तसाच राहिला होता. संदेश त्याला गेले. इकडच्या कचेरीत विचारले तर उत्तर, "हे चलान आमचे नाही, त्यांच्याकडे जा." तिकडे फोन केला तर भाषा जुळेना. शेवटी कोणीतरी सांगितले, पोर्टलवर तक्रार टाका. टाकली. उत्तर नाही. गिऱ्हाइकाने आठ दिवसांची मुदत दिली होती. सातव्या दिवशी सहकाऱ्याने पिकअपच्या हेल्मेटचा दंड भरून टाकला.

आम्ही त्याच्यावर रागावलो. न केलेला गुन्हा कबूल का केलास? तो म्हणाला, "साहेब, दंड पाचशे. तिकडे जायचे तर दोन दिवसांची मजुरी, गाडीभाडे, वकील, आणि पुन्हा तारीख. तुम्ही काय केले असते?" आम्ही गप्प बसलो. आम्हीही तेच केले असते.

गाडीचा सातबारा

हा प्रकार समजायला वकील लागत नाही, सातबारा पुरतो. केंद्र सरकारच्या संगणकावर दोन मोठ्या वह्या आहेत. एकीचे नाव 'वाहन'. तिच्यात प्रत्येक गाडीची नोंद. दुसरीचे नाव 'सारथी'. तिच्यात प्रत्येक लायसनची नोंद. ई-चलानाची यंत्रणा या दोन्ही वह्यांना जोडलेली आहे. शेजारच्या राज्यातल्या पोलिसाने यंत्रात नंबर टाकला की त्याला आपली गाडी दिसते आणि आपल्या इथल्या आरटीओला त्याचे चलान दिसते. सातबाऱ्याच्या इतर हक्कात सोसायटीचा बोजा असावा तसे हे बाकी चलान गाडीवर बसते. नाव बदलणे, दुसऱ्या राज्यासाठी नाहरकत दाखला, अशी कामे अडतात.

आता फरक पाहा. सातबाऱ्यावर फेरफार घ्यायचा तर संबंधितांना नोटीस द्यावी लागते. पंधरा दिवस हरकतीला मिळतात. हरकत आली तर सुनावणी होते आणि ती आपल्याच तहसिलात होते. तलाठ्याच्या कारभाराविषयी आमचे मत तुम्हाला ठाऊक आहे. पण तलाठ्यालासुद्धा कायद्याने जे बंधन आहे, ते खांबावरच्या कॅमेऱ्याला व्यवहारात राहिलेले नाही.

कागदावर बंधन आहे, हेही सांगितले पाहिजे. २०२१ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने मोटार वाहन नियमांत १६७-अ हा नियम घातला. कॅमेऱ्याला मान्यतेचे प्रमाणपत्र हवे, कॅमेरा आहे असा फलक रस्त्यावर हवा, गुन्ह्याची नोटीस पंधरा दिवसांत पाठवली पाहिजे, आणि चलान निकाली निघेपर्यंत छायाचित्राचा पुरावा जपून ठेवला पाहिजे. नियम चांगला आहे. पण नोटीस जुन्या मोबाईलवर गेली, परक्या भाषेत गेली किंवा गेलीच नाही, तर संगणक थांबत नाही. बोजा चढतोच.

कॅमेऱ्याला नंबर दिसतो, माणूस दिसत नाही, ही दुसरी गोष्ट. गाडी कोण चालवत होते ते सांगण्याची जबाबदारी कायद्याच्या कलम १३३ ने मालकावर टाकली आहे. चालवली भाच्याने, चलान मामाच्या नावावर. मामाने पैसे भरले की विषय मिटला. धोकादायक गाडी चालवणारा मोकळा आणि घरी निजलेला गुन्हेगार. याला वाहतूक सुरक्षा म्हणत नाहीत, वसुली म्हणतात.

तिसरी गोष्ट कोर्टाची. चलान न भरल्यास प्रकरण आभासी न्यायालयात जाते. असे महाराष्ट्रातले पहिले न्यायालय २०२० च्या ऑक्टोबरात नागपूर जिल्ह्यात काटोलला सुरू झाले. कल्पना उत्तम आहे. घरबसल्या मोबाईलवर प्रकरण उघडते आणि दोन पर्याय दिसतात: दंड मान्य आहे, किंवा लढायचे आहे. मान्य असेल तर पाच मिनिटांत पैसे भरून मोकळे व्हा. मग गुन्हा अलीकडचा असो की पलीकडचा. लढायचे असेल तर प्रकरण साध्या न्यायालयाकडे वर्ग होते, आणि ते न्यायालय जिथे गुन्हा झाला म्हणतात तिथले. म्हणजे कबुली बिनतारी, बचाव मात्र एसटीने! पैसे घेताना देश एक असतो, म्हणणे ऐकून घेताना राज्ये वेगळी होतात.

दंडाचे दर आणि दंडाचा सेल

मोटार वाहन कायदा १९८८ चा, साऱ्या देशाला एकच. २०१९ साली त्यात दुरुस्ती झाली आणि १ सप्टेंबर २०१९ पासून दंड कितीतरी पटींनी वाढले. पण तडजोडीने जागेवर किती घ्यायचे ते कलम २०० प्रमाणे राज्य सरकार ठरवते. गुजरातने त्याच महिन्यात बरेच दंड खाली आणले. महाराष्ट्राने नवे दर २०२१ च्या डिसेंबरात लावले. गुन्हा तोच, पण नदीच्या अलीकडे एक भाव आणि पलीकडे दुसरा.

आता वर सांगितलेला हिशोब. कापूस वजनाला हलका आणि आकाराला मोठा. पिकअपच्या बाजूंना बांबू आणि जाळी बांधल्याशिवाय भाड्यापुरता माल बसत नाही. गाडी वजनात बसते, पण माल बाजूने आणि वर बाहेर येतो. २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे माल असा बाहेर आला तर कायद्यातला दंड वीस हजार रुपये. वजन जास्त झाले तरी वीस हजार, वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार. २०२५-२६ चा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. म्हणजे वीस हजार भरायला जवळजवळ अडीच क्विंटल कापूस लागतो. कोरडवाहूत एकरी चार-पाच क्विंटल हाती लागले तर आपण देवाला नारळ फोडतो. एका चलानात अर्धा एकर गेला. ज्वारीत मोजायचे तर संकरित ज्वारीचा हमीभाव ३,६९९; साडेपाच क्विंटलच्या आसपास ज्वारी गेली. सीमेपलीकडे क्विंटलमागे दोनशे रुपये जास्त मिळतील म्हणून पंधरा क्विंटल घेऊन निघालेल्या माणसाला तीन हजारांच्या लाभासाठी वीस हजारांचा जुगार खेळावा लागतो.

आणि सरकारांना हा दंड सुरक्षेसाठी हवा आहे की तिजोरीसाठी, ते सरकारांनीच दाखवून दिले आहे. तेलंगणाने २०२२ च्या मार्चमध्ये दुचाकीची जुनी चलाने पंचाहत्तर टक्के सूट देऊन मिटवली. कर्नाटकाने २०२३ च्या फेब्रुवारीत अर्ध्या दरात मिटवली. दिवाळीच्या कापडासारखा दंडाचा सेल! ज्याने वेळेवर पूर्ण भरले तो वेडा ठरला, ज्याने थकवले तो शहाणा. कर्जाच्या बाबतीत हा खेळ आपण पाहिलेला आहे. नियमाने वागणाऱ्याला मूर्ख ठरवणारी व्यवस्था नियम शिकवू शकत नाही.

अमेरिकेतली रीत

आमच्या एका कार्यकर्त्याचा पुतण्या नोकरीसाठी अमेरिकेत आहे. सुट्टीत गाडी घेऊन दुसऱ्या राज्यात फिरायला गेला, वेग जास्त झाला, तिथल्या पोलिसाने तिकीट दिले. तिकडे चलानाला तिकीट म्हणतात. त्याला वाटले, पैसे भरले, संपले. विम्याचे नूतनीकरण आले तेव्हा हप्ता वाढलेला. हे ऐकून आम्ही तिकडची रीत समजून घेतली. आपल्याकडे काय येऊ घातले आहे ते त्यातून दिसते.

तिथे लायसन प्रत्येक राज्याचे वेगळे. १९६० च्या दशकात राज्यांनी आपसात करार करायला सुरुवात केली: एक चालक, एक लायसन, एक नोंद. बहुतेक राज्ये त्यात आली. जॉर्जिया आणि विस्कॉन्सिनसारखी थोडी बाहेर राहिली. परराज्यात गुन्हा शाबीत झाला की त्याची खबर घरच्या राज्याला जाते आणि घरचे राज्य आपल्या कायद्याने त्याचे गुण चालकाच्या नोंदीवर मांडते. सगळीच राज्ये मांडतात असे नाही. न्यूयॉर्क राज्य आपल्या चालकांवर परराज्यातल्या साध्या गुन्ह्यांचे गुण चढवत नाही. कॅनडातल्या ओंटारिओ आणि क्युबेक प्रांतातल्या गुन्ह्यांचे मात्र चढवते. १९७७ पासून दुसरा एक करार आहे. परराज्यातल्या तिकिटाला उत्तरच दिले नाही तर घरचे राज्य लायसन निलंबित करते. विमा कंपन्या नूतनीकरणाच्या वेळी ही नोंद पाहून हप्ता ठरवतात.

ती व्यवस्था आदर्श आहे असे आम्ही म्हणत नाही. तिकडेही पैसे भरणे म्हणजे गुन्ह्याची कबुलीच, आणि परगावी जाऊन लढण्यापेक्षा भरून टाकणारेच बहुत. पण त्या रीतीत दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. नोंद गाडीची नाही, चालकाची होते. आणि नोंदीवर चढतो तो शाबीत झालेला गुन्हा, नुसता आरोप नाही. आपल्याकडे याच्या उलट आहे. नोंद गाडीवर बसते, आणि आरोप होताच बसते.

खरी मेख विम्यात

परराज्यातल्या चलानाने आपला विम्याचा हप्ता वाढतो का? आज तरी नाही. थर्ड पार्टीचा हप्ता सरकार ठरवते आणि तो गाडीच्या प्रकारावर ठरतो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्यात मिळणारी सूट पहिल्या वर्षी वीस टक्क्यांपासून पाच वर्षांनी पन्नास टक्क्यांपर्यंत जाते. ती सूट भरपाई मागितली की तुटते; चलानाने तुटत नाही. नुसते चलान बाकी आहे एवढ्यावरून कंपनीला भरपाई नाकारता येत नाही. कोणी एजंट तसे सांगत असेल तर त्याला कलम दाखवायला सांगा.

पण वारा कुठून सुटला आहे ते पाहा. विमा नियामक प्राधिकरणाच्या कार्यगटाने २०२१ च्या जानेवारीत एक अहवाल दिला. वाहतुकीच्या गुन्ह्यांचे गुण मोजून विम्याला एक वेगळा जादा हप्ता लावावा, सुरुवात दिल्लीच्या परिसरात करावी, असे त्यात सुचवले होते. दारू पिऊन चालवल्याचे शंभर गुण, चुकीच्या जागी गाडी लावल्याचे दहा. ही सूचना देशभर लागू झालेली नाही, पण पेटीत ठेवलेली आहे. तत्त्व म्हणून आम्ही तिच्या विरोधात नाही. जो धोका वाढवतो त्याने जास्त हप्ता द्यावा, हा बाजाराचा सरळ न्याय आहे. पण ज्या वहीत पिकअपला हेल्मेटचा दंड चढतो, त्या वहीवरून हप्ता ठरवणे म्हणजे चुकीच्या आणेवारीवरून दुष्काळ ठरवणे. आमच्या शेतीशास्त्राच्या शिक्षणात पहिला धडा असा होता: एक अळी दिसली म्हणून फवारू नका, आधी नुकसानीची पातळी मोजा. मोजणीच खोटी असेल तर फवारा पिकाला मारतो.

आजचा खरा धोका हप्त्याचा नाही, लायसनचा आहे. मालवाहू गाडीत जादा वजन, मालवाहू गाडीत माणसे बसवणे, वेगमर्यादा मोडणे, चालवताना मोबाईल: अशा गोष्टींसाठी केंद्रीय नियम २१ प्रमाणे लायसन काढून घेता येते. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने अशा गुन्ह्यांना किमान तीन महिने निलंबन करायला राज्यांना सांगितले. लायसन साऱ्या देशात एकच चालते, म्हणून निलंबनही साऱ्या देशात चालते. परराज्यात झालेल्या कारवाईची घरी कल्पना नसली तरी लायसन त्या काळात मेलेलेच असते.

आता समजा त्या तीन महिन्यांत आपल्या गाडीने कोणाला धडक दिली. अपात्र ठरलेला चालक गाडी चालवत होता, हा बचाव कायद्याने विमा कंपनीला दिलेला आहे. कायद्याचे कलम १५० वाचा. २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने या बाबतीत रीत घालून दिली. जखमीला किंवा मेलेल्याच्या घरच्यांना कंपनीने आधी पैसे द्यावेत, आणि मालकाने जाणूनबुजून अट मोडली असेल तर ते मालकाकडून वसूल करावेत. जखमीच्या दृष्टीने हे योग्यच आहे. पण मालकाच्या दारात कंपनी उभी राहते. लवादाच्या दाखल्यावर ही रक्कम कलम १७४ प्रमाणे जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करता येते. म्हणजे गाडीच्या सातबाऱ्यावर चढलेला बोजा चालत चालत शेताच्या सातबाऱ्यावर येतो. पाचशे रुपयांच्या संदेशाकडे दुर्लक्ष करणाऱ्याने एवढी साखळी ध्यानात ठेवावी.

साखळीचा आणखी एक पदर विकलेल्या गाडीचा. जुनी गाडी पलीकडच्या राज्यात विकली, कोऱ्या अर्जावर सह्या दिल्या, पैसे घेतले, विसरलो. नाव बदललेच नाही. तिथली चलाने आपल्या नावावर येत राहतात. त्या गाडीने अपघात केला तर? २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्वच्छ सांगितले: ज्याचे नाव नोंदीवर, तो मालक, जबाबदारी त्याची. गाडी विकल्याचे आरटीओला ठरलेल्या मुदतीत कळवणे कायद्याने विकणाऱ्यावर बंधनकारक आहे. शेत विकून फेरफार न करणारा माणूस आपल्यात सापडत नाही. गाडी विकून नाव न बदलणारे मात्र प्रत्येक गावात आहेत.

एक बातमी चांगलीही आहे. साध्या चारचाकीच्या लायसनवर मालवाहू पिकअप चालवली म्हणून विमा कंपन्या वर्षानुवर्षे भरपाईला हरकत घेत होत्या. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निकाल दिला की साडेसात हजार किलोपर्यंतच्या एकूण वजनाची मालवाहू गाडी त्या लायसनवर चालवता येते. ही हरकत आता चालणार नाही.

आधी आपला आरसा

सरकारला बोल लावण्याआधी आपण आपल्या गावाकडे पाहावे. वेचणीच्या बाया मालवाहू गाडीत कोंबून कोण नेतो? आपणच. त्या गाडीला अपघात झाला तर मालासोबत बसलेल्या मालाच्या मालकाला विम्याचे संरक्षण आहे, पण फुकट बसवलेल्या किंवा भाडे घेऊन बसवलेल्या माणसांची जबाबदारी कंपनीवर येत नाही. त्या बायांच्या लेकरांना द्यायची भरपाई आपल्या अंगावर, आणि ती द्यायलाच हवी. त्यासाठी लागणारे चलान कोणी केले तर त्या पोलिसाला आम्ही दोष देणार नाही.

चौदा वर्षांचा पोरगा ट्रॅक्टर चालवतो याचे कौतुक कोण करतो? आपणच. २०१९ पासून त्यासाठी पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार दंड आणि गाडीची नोंदणी बारा महिने रद्द अशी तरतूद आहे. त्या पोराला पंचविशीपर्यंत लायसनही मिळत नाही. नंबरप्लेट चिखलाने झाकणे, विमा संपलेली मोटरसायकल वापरणे, हे शौर्य नाही. म्हणून आम्ही दंडाची माफी मागत नाही. माफीची चटक वाईट. ती देणाऱ्याला मोठा आणि घेणाऱ्याला लहान करते. आम्ही मागतो ती सुनावणी.

आमच्या मागण्या

या मेळाव्याने खालील मागण्यांचा ठराव करावा, असे आम्ही सुचवतो.

एक, परराज्यातल्या चलानाची नोटीस छायाचित्रासह, गाडीच्या घरच्या राज्याच्या भाषेत, नोंदलेल्या पत्त्यावर पोचली पाहिजे. पोचल्याचा पुरावा नसेल तर चलान बोजा म्हणून चढू नये.

दोन, आरोप अमान्य असेल तर मालकाला आपल्या तालुक्याच्या न्यायालयातून दृक्‌श्राव्य पद्धतीने म्हणणे मांडता आले पाहिजे. दंड संगणकाने येऊ शकतो तर सुनावणीही येऊ शकते.

तीन, हरकत घेतलेले चलान निकाली निघेपर्यंत गाडीची कामे अडवू नयेत.

चार, नोंद चालकाच्या नावावर व्हावी. कोण चालवत होते ते सांगण्याची सोपी सोय मालकाला द्यावी आणि ते सांगितल्यावर मालकाला मोकळे करावे.

पाच, विम्याचा हप्ता गुन्ह्यांशी जोडायचाच असेल तर फक्त शाबीत झालेल्या आणि जिवाला धोका असलेल्या गुन्ह्यांशी जोडावा. बाकी चलान, चुकीची जागा, कागद जवळ नसणे यांच्याशी नाही.

सहा, कच्च्या कापसाची गाडी किती रुंद आणि किती उंच भरावी याचा एकच स्पष्ट नियम हंगामापुरता सर्व कापूस राज्यांनी मिळून ठरवावा. भरताना कळावे की हे चालते आणि हे चालत नाही.

मेळाव्याहून घरी गेल्यावर

ठराव मंजूर होईल तेव्हा होईल. तोवर प्रत्येकाने पाच कामे करावीत. गावातल्या शिकलेल्या पोरापोरींनी शेजाऱ्यांची करून द्यावीत.

परिवहन विभागाच्या ई-चलान पोर्टलवर आपल्या गाडीचा आणि लायसनचा नंबर टाकून पाहावा. गाडीच्या नोंदीवर आणि लायसनवर स्वतःचा आजचा मोबाईल नंबर चढवावा. अर्धा रोग तिथेच आहे. चलान चुकीचे असेल तर छायाचित्र उतरवून घ्यावे आणि चलानावर लिहिलेल्या मुदतीच्या आत लेखी हरकत नोंदवावी. गप्प बसणे ही कबुली धरली जाण्याची शक्यता असते. चलान बरोबर असेल तर भरून टाकावे, किंवा आपल्या जिल्ह्याच्या लोकअदालतीत मिटवता येते का ते पाहावे. ज्या गुन्ह्याला फक्त दंडाचीच शिक्षा आहे त्याची दखल न्यायालयाने सहा महिन्यांच्या आत घ्यावी अशी कायद्यात मुदत आहे. पण हा मुद्दा न्यायालयात मांडावा लागतो, संगणक तो आपणहून मांडत नाही. म्हणून त्याच्या भरवशावर झोपू नये. विकलेल्या प्रत्येक गाडीचे नाव बदलले की नाही ते तपासावे. आणि थर्ड पार्टी विमा एक दिवसही खंडित होऊ देऊ नये.

एकाधिकाराच्या काळात आपण कापूस घेऊन सीमेवर गेलो तेव्हा आपले म्हणणे साधे होते: माल माझा आहे, तो कुठे विकायचा ते मी ठरवीन. आजचे म्हणणेही तेवढेच साधे आहे. चूक माझी असेल तर दंड घ्या, पण त्याआधी माझे म्हणणे माझ्या गावात, माझ्या भाषेत ऐका. जी वही उद्या माझ्या विम्याचा हप्ता ठरवणार आहे आणि परवा माझ्या शेतापर्यंत पोचणार आहे, ती वही खरी असली पाहिजे.

मेळाव्याला येताना आपापल्या चलानांच्या नकला घेऊन या. गावागावच्या नकला एका दोरीत ओवू. तोच आपला पुरावा.